गाडी गळायलीय

आधी एक खुलासा. जळकोट म्हटलं की ऑफिसातल्या मराठवाड्याकडच्या मित्रांनाही लातूर जिल्ह्यातला तालुकाच आठवतो. आमचं जळकोट ते नव्हे. आमचं तुळजापूर तालुक्यातलं, धाराशिव जिल्ह्यातलं. सोलापुरातून हैदराबाद रोडला लागलात की नळदुर्ग येतं, आणि किल्ला न बघता तसेच पुढं निघालात (बघा खरं तर) की थोड्याच वेळात आमचं गाव. त्यातून 2023 मध्ये जिल्ह्याचंही नाव बदललं. त्यामुळे कुरिअरवाल्याला पत्ता सांगताना मला दोन-दोन तळटीपा द्याव्या लागतात.

तर या गावात आमच्या घरामागं, पत्र्याच्या शेडमध्ये, एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. मॉडेल 1986. गावात तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, 'फियाट'च म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांना ही गाडी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून माहीत असेल. मुंबईतल्या टॅक्सीतून ती 30 ऑक्टोबर 2023 पासून कायमची बाद झाली. मूळ डिझाइन फियाटच्या 1100 डी चं. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून ती बनायची, पद्मिनी हे नाव 1974 मध्ये मिळालं. बनवणारी कंपनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स, ती 1944 मध्ये काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि वालचंद जन्मानं सोलापूरचे. त्यामुळे आबांच्या लेखी ही गाडी इटलीची नाही आणि मुंबईचीही नाही. सोलापूरची आहे.

2025 च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात कसा पाऊस झाला ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आमच्याकडं सप्टेंबरचा पाऊस नवा नाही, आमचा मुख्य पाऊसच तो. पण त्या वेळी तो थांबेचना. शेडचे दोन पत्रे वाऱ्यानं उचलले आणि फियाट चार-पाच दिवस उघड्यावर पडल्यासारखीच झाली. मग आबांचा फोन आला. पिकाचं सांगून झालं, विहिरीचं सांगून झालं आणि शेवटी आवाज खाली करून म्हणाले, "गाडी गळायलीय."

दिवाळीत गेलो तेव्हा पाहिलं. ड्रायव्हरच्या पायाखालचं गोणपाटाचं अस्तर काळं पडलेलं, बुरशीचा वास, आणि मॅट उचलल्यावर पत्र्याला पोपडे. बोटानं दाबलं तर पोपडा निघून आला, खालचा पत्रा अजून शाबूत होता. म्हणजे अगदी उशीर झालेला नव्हता, पण अजून एक पावसाळा असाच गेला असता तर झाला असता. शिवाय रजिस्ट्रेशनची मुदत 2026 मध्ये संपत होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते, आणि तळाला भोक असलेली गाडी पास होत नाही. दादाचं (माझा मोठा भाऊ, सोलापुरात असतो) म्हणणं सरळ होतं. भंगारवाला 22,000 द्यायला तयार आहे, देऊन टाका. नूतनीकरणाची नुसती फीच आता 10,000 झालीय, वीस वर्षांपुढच्या गाडीला. हिशेब म्हणून दादाचं काहीच चुकत नव्हतं.

आबा काही बोलले नाहीत. आमच्या घरात आबा बोलले नाहीत की त्याचा अर्थ 'नाही' असा असतो.

त्याचं कारण सांगायला 1993 मध्ये जावं लागेल. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आमचं घर माळवदाचं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा थर. किल्लारी-सास्तूरकडं असल्याच घरांनी माणसं मारली. जवळजवळ दहा हजार. आमचं घर उभं राहिलं, पण भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. त्यानंतर कित्येक दिवस छताखाली झोपायला कुणी तयार नव्हतं. आणि त्यात पाऊस. आई-आबा ताडपत्रीखाली बसून असायचे. मी, दादा आणि आज्जी फियाटमध्ये. आज्जी पुढच्या सलग सीटवर (गिअर स्टिअरिंगला असल्यामुळे मधे काही आडवं येत नाही), आम्ही दोघं मागं. मला आठवतं ते काचेवरून ओघळणारं पाणी, आणि आज्जी झोपेत माळवदाला शिव्या द्यायची ते. आबांना आठवतं ते वेगळं. ते म्हणतात, "त्या रात्री आत एक थेंब आला नव्हता."

गाडी तेव्हा सात वर्षांची होती. रबरं नवी होती.

म्हणजे रिक्वायरमेंट स्पष्ट होती, एक थेंबही नको. बजेट माझं, वेळ माझ्या वीकेंडांचा.

आता रबर म्हणजे नेमकं कुठलं रबर? माझीही समजूत अशीच होती की चार दारांची चार बीडिंगं, बास. मोजायला बसलो तर यादी वाढतच गेली. पुढच्या आणि मागच्या काचेभोवतीचं जाड रबर, चार दारांची बीडिंगं, पुढच्या दारांतल्या त्रिकोणी काचांची रबरं, काच वर-खाली होते त्या खाचेतली चॅनलं, काचेच्या मुळाशी दाराच्या वरच्या कडेला लागलेली पट्टी, डिकीचं रबर, आणि वायरी जिथून पत्र्यातून आत येतात तिथल्या छोट्या चकत्या. यांतलं सगळ्यात पहिलं कुठलं गेलं होतं? सगळीच! हात लावला की काही ठिकाणी लाकडासारखं कडक, काही ठिकाणी डांबरासारखं चिकट.

रबराला नेमकं होतं काय, याचं उत्तर मला फार आवडलं, म्हणून थोडं सांगतो. नैसर्गिक रबराची साखळी म्हणजे कार्बनची लांबच लांब माळ, आणि त्या माळेत ठरावीक अंतरावर दुहेरी बंध असतात. चार्ल्स गुडइयरनं 1839 मध्ये गंधक घालून तापवायची युक्ती शोधली, त्यात या माळा एकमेकींना बांधल्या जातात आणि रबर ताणलं तरी परत येतं. पण सगळे दुहेरी बंध त्यात खर्ची पडत नाहीत. उरलेल्यांवर हवेतला ओझोन येऊन बसतो आणि साखळीच तोडतो. ओझोन आभाळातच असतो असं नाही. गाड्यांचा धूर आणि कडक ऊन एकत्र आलं की जमिनीलगतही तयार होतो, आणि आमच्याकडं हायवेही आहे, ऊनही आहे. मजा अशी की ओझोन ताणलेल्या रबरालाच फोडतो, आणि भेगा ताणाच्या आडव्या पडतात. म्हणून कुठल्याही जुन्या गाडीत बीडिंग आधी कोपऱ्यात फाटतं. वळवताना तिथंच ते ताणलेलं असतं.

यावरचा उपाय म्हणजे ईपीडीएम नावाचं रबर. त्याच्या मुख्य माळेत दुहेरी बंधच नसतात, ओझोनला धरायला काही मिळत नाही. या जातीचं रबर ज्या उत्प्रेरकांमुळे बनवता आलं, त्यांच्यासाठी कार्ल झीग्लर आणि जूलिओ नात्ता यांना 1963 चं नोबेल मिळालं. नात्ता इटलीचे. (आबांना हे सांगितलं नाही. सोलापूरची बाजू कमकुवत झाली असती.) ईपीडीएमचा एकच दोष, खनिज तेल लागलं की ते फुगतं. त्यामुळे बीडिंग चमकावं म्हणून डिझेलचं फडकं फिरवायची जी गॅरेजांमधली सवय आहे ती या रबराला मारक. लावायचंच तर सिलिकॉन लावा.

दुसरी गोष्ट भेगांपेक्षा फसवी. दार बंद असताना रबर दाबलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं दाबलेलं रबर हळूहळू तोच आकार आपला मानतं. दार उघडलं तरी फुगून वर येत नाही. दिसायला अखंड, कामाला शून्य. दाबल्यावर परत येणं हीच रबराची नोकरी, आणि तीच सुटली की काय होतं याचं सगळ्यात भयानक उदाहरण 28 जानेवारी 1986 चं आहे. चॅलेंजर यानाच्या रॉकेटमधलं गोल रबरी सील त्या सकाळच्या थंडीत कडक झालं, वेळेवर परत फुगलं नाही, आणि सात माणसं गेली. पुढं चौकशीत रिचर्ड फाइनमननी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. एका ग्लासात अख्खी रूट कॉज अॅनालिसिस. आमची गाडीही 1986 चीच. असो.

गळतं कुठून हे शोधणं मात्र नोबेलच्या कामाचं नव्हतं, आज्जीच्या कामाचं होतं. माळवद ज्यांनी सांभाळलंय त्यांना एक गोष्ट माहीत असते. पाणी जिथं टपकतं तिथून ते आलेलं नसतं. वर कुठंतरी उंदरानं केलेल्या बिळातून शिरतं, लाकडावरून चालत जातं आणि भलतीकडंच पडतं. मृगाच्या आधी आज्जी माळवदावर चढून पांढरी माती टाकून घ्यायची ती अंदाजानं नाही, मागच्या वर्षीच्या ओलीवरून.

गाडीचं तेच. ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी, म्हणजे दाराचं बीडिंग गेलं असं कुणीही म्हणेल. मी दाराच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर मारली, पायाखाली वर्तमानपत्र अंथरलं आणि पाइपनं पाणी सोडलं. प्रेशर अजिबात नाही, नुसती धार, आणि सुरुवात खालून. खालून वर सरकत गेलं की कुठल्या उंचीला पाणी आत शिरतं ते कळतं; वरून सुरू केलं की सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. दाराच्या उंचीपर्यंत पेपर कोरडा. पुढच्या काचेच्या वरच्या उजव्या कोपऱ्याशी धार नेली, आणि काही वेळानं पेपरवर डाग उमटला. पाणी काचेच्या रबरातून शिरून बाजूच्या खांबाच्या आतून खाली उतरत होतं.

दारांची भानगड वेगळीच निघाली. गाडीचं दार वॉटरप्रूफ नसतं, ते तसं बनवलेलंच नसतं. काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी दाराच्या पोटात जाणारच, आणि ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. आमच्या चारही दारांची भोकं मातीनं बुजलेली होती. सायकलच्या स्पोकनं उघडली तर एकेका दारातून वाटीभर चिखल आणि गंजाचं पाणी आलं. अर्धं काम रबराला हात न लावता झालं.

हे बघायला नळदुर्गचे मिस्त्री आले होते. वय सत्तरच्या पुढं, सगळे त्यांना मामू म्हणतात. भोकांतून पाणी आलेलं बघून ते म्हणाले, "किल्ल्यातला पाणीमहाल बघितला का नाही कधी? अंगावरनं पाणी जातंय, आत कोरडं. का? पाण्याला वाट दिलीय म्हणून." बोरी नदीवरच्या त्या बांधाच्या पोटात खोल्या आहेत आणि पावसाळ्यात नर-मादीच्या सांडव्यांवरून पाणी पडत असताना आत उभं राहून तो पडदा बघता येतो. इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम. रबर नाही, सिलिकॉन नाही.

आता खरेदी. एका ऑनलाइन दुकानातून 'पद्मिनी डोअर सेट' मागवला होता, तो आल्याच दिवशी परत पाठवला. वास डांबराचा आणि नखानं दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. मग सरळ नाना पेठेत गेलो. तिथं बीडिंग मीटरवर मिळतं आणि दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "आकार कुठला?" याचं उत्तर जवळ असेल तरच जावं.

माझ्याकडं होतं, कारण मी दार आणि चौकट यांच्यामधली फट मोजून नेली होती. युक्ती सोपी आहे. पोरांच्या खेळण्यातली क्ले घ्यायची, गोळ्या करून प्लास्टिकमध्ये गुंडाळायच्या, वीतभर अंतरावर चौकटीला लावायच्या, दार बंद करायचं, उघडायचं, आणि चपट्या झालेल्या गोळीची जाडी मोजायची. चार दारं, एकंदर 74 गोळ्या, आणि हो, एक्सेल शीट. (दादा हसला. हसू दे.) ड्रायव्हरच्या दाराला बिजागरीपाशी 8 मिलिमीटर आणि वर मागच्या कोपऱ्यात 13. एवढा फरक असेल तर कुठलंच एक बीडिंग बसत नाही. पातळ लावलं तर वर गळणार, जाड लावलं तर खाली दारच लागणार नाही. लोक इथं जाड रबर लावतात आणि दार आपटून बंद करतात. महिन्याभरात रबर चेपतं आणि लॉक ढिलं होतं.

मामूंनी शीट बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "रबर राहू द्या. दार वाकडं आहे." मग त्यांनी जे केलं ते बघताना माझ्या पोटात गोळा आला. दाराच्या खालच्या कोपऱ्यात लाकडाचा ठोकळा धरला, दार त्यावर लोटलं आणि वरच्या कोपऱ्याला गुडघा लावून दाबलं. कर्रर्र. पुन्हा. पुन्हा. गोळ्या लावून मोजलं तेव्हा सगळीकडं 9 ते 10. चाळीस वर्षांचं दार दोन मिनिटांत सरळ. याला मॅन्युअल नाही.

बाकी बसवण्याचं काम म्हणजे नव्वद टक्के साफसफाई. मागं कधीतरी चिकटवलेल्या सोल्युशनचे थर खरवडायचे, थिनरनं पुसायचे, गंज पॉलिश पेपरनं घासायचा, रेड ऑक्साइड मारून एक दिवस वाळू द्यायचं. दोन शनिवार-रविवार यातच गेले. बीडिंग लावताना मामूंचा एकच दंडक होता, ओढायचं नाही. ओढून लावलं की ते जागेवर दिसतं, पण पुढं आक्रसतं आणि सांध्यात फट पडते. उलट बोटभर जास्त कापायचं आणि दाबून बसवायचं. सांधा खालच्या बाजूला, वर कधीच नाही.

पुढची काच हा मात्र सोहळाच होता. जुनं रबर कापलं, मामूंचा नातू आत सीटवर आडवा झाला आणि दोन्ही पायांनी काच हळूहळू बाहेर ढकलली. चौकटीची साफसफाई झाल्यावर नवीन रबर काचेला चढवलं आणि त्याच्या आतल्या खाचेत चारी बाजूंनी नायलॉनची दोरी भरली. साबणाचं पाणी फासून काच बाहेरून चौकटीवर टेकवली. मी आणि दादा बाहेरून तळव्यांनी दाबतोय, मामू आत बसून दोरीचं टोक हळूहळू ओढतायत. दोरी निघत जाते तशी रबराची आतली ओठाळी पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येते. टप्, टप्, टप्. वरच्या उजव्या कोपऱ्यात दोरी अडली, म्हणजे तोच कोपरा. मामूंनी दोरी सोडली, तळहातानं काचेला बाहेरून थापट्या मारायला लावल्या आणि पुन्हा ओढली. आली.

दादाही शर्टाच्या बाह्या वर करून होता, हे नोंदवून ठेवतो. 22,000 चा विषय त्या दिवशी निघाला नाही.

संध्याकाळी चाचणी. आधी नोटेची. दहाची नोट दारात धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. सैल आली तर रबर टेकत नाही, अजिबात आली नाही तर जास्त दाबलं जातंय, आणि कुरकुरत आली तर बरोबर. मग पाण्याची. आबा म्हणाले, "मी आत बसतो." हातात बॅटरी आणि एक कोरडा टॉवेल घेऊन बसले, पुढच्या सीटवर, आज्जी झोपायची त्या बाजूला. मी पाइप धरला. वीस मिनिटं चौफेर पाणी. मधे दोनदा काचेवर टकटक करून विचारलं, बाहेर येता का, तर आतून हातानंच खूण, चालू दे. काचेवरून पाणी ओघळत असल्यामुळे आत त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मग काच दोन बोटं खाली झाली आणि आवाज आला, "अजून मार."

खर्च सांगतो, कारण कमेंटीत कुणीतरी विचारणारच. चार दारांना 15 मीटर बीडिंग, दोन काचांची रबरं, चॅनलं, डिकी, सोल्युशन, रेड ऑक्साइड आणि मामूंची मजुरी मिळून 9,400. म्हणजे रजिस्ट्रेशनच्या फीपेक्षा कमी. गोणपाटाचं अस्तर काढून टाकलंय, नवीन घातलेलं नाही. पाणी आलं तर निदान दिसेल तरी.

आणि आलंच. तीन दारं आणि दोन्ही काचा कोरड्या. मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात टॉवेल ओला. तिथं कधीकाळी एक ट्रॅक्टर घासून गेला होता आणि चौकटीचा पत्राच आत गेलाय, नुसतं दार वाकवून भागणार नाही. मामूंनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, संक्रांत होऊ द्या, मग ठोकून काढू. आबांनी टॉवेल पिळला. "तीन थेंब," म्हणाले.